थांबलेला कॅमेरा आणि आपला धीर

प्रश्न : आपल्या शिफारशीवरून ‘साबर बोंडं’ पाहिला. विषय मनाला भिडला, परंतु कॅमेरा जागचा हलत नाही आणि बराच वेळ काही घडत नाही. महोत्सवांत गाजणारे चित्रपट संथच का असतात? अलीकडे पाहिलेल्यांपैकी आपल्याला मनापासून काय आवडले?
– एक वाचक, सांगली

उत्तर : केवळ संथ आहे म्हणून कोणताही चित्रपट चांगला ठरत नाही, आणि नुसते रेंगाळणारे चित्रपटही पुष्कळ निघतात. कॅमेरा थांबल्यामुळे एरवी निसटले असते असे काही हाती लागले का, एवढेच मी पाहतो. रोहन कानवडे यांच्या या चित्रपटात ते मला भरभरून मिळाले. वडिलांच्या निधनानंतर दहा दिवसांच्या सुतकासाठी मुंबईहून गावी आलेल्या आनंदभोवती नातेवाइकांचा गराडा असतो. लग्नाचा विषय पुनःपुन्हा निघतो आणि त्याला पुरुषांविषयी ओढ आहे हे ठाऊक असलेली आई त्याला सांभाळून घेत राहते. अशा घरात एकांत मिळणे किती दुर्मीळ असते, हे कळण्यासाठी आपल्यालाही त्या गर्दीत बसवणे आवश्यकच होते. म्हणून आनंद आणि गावातला त्याचा बालमित्र बाळ्या शेवटी एकटे भेटतात, तेव्हा त्यांच्याइतकेच आपणही मोकळे होतो. २०२५ साली सनडान्स महोत्सवात जागतिक कथापटांच्या विभागात या चित्रपटाला सर्वोच्च परीक्षक पुरस्कार मिळाला, याचा मला मराठी प्रेक्षक म्हणून फार आनंद झाला.

त्यानंतर चैतन्य ताम्हाणे यांचा ‘कोर्ट’ मी पुन्हा पाहिला आणि तो मला अधिकच थोर वाटला. एका लोकशाहिराच्या गाण्यामुळे सफाई कामगाराने आत्महत्या केली, असा आरोप असलेला खटला तारखांमागून तारखा घेत पुढे सरकतो. बाही नसलेला पोशाख केला म्हणून एका स्त्रीचे प्रकरण न्यायाधीश त्या दिवशी ऐकतच नाहीत. यातले काहीही आवाज चढवून सांगितलेले नाही. न्यायालयाला सुटी लागते, दिवे मालवले जातात, तरी कॅमेरा त्या अंधाऱ्या दालनात बसून राहतो. शाहीर कोठडीत असताना सुटीचा अर्थ काय होतो, हे त्या अंधाराइतके स्पष्ट मला कोणत्याही संवादाने सांगितले नसते.

पायल कपाडिया यांच्या ‘ऑल वी इमॅजिन ॲज लाइट’बाबत मात्र माझे मन थोडे विभागलेले आहे. २०२४ साली कान महोत्सवात ग्रां प्री हा दुसऱ्या क्रमांकाचा पुरस्कार मिळवणाऱ्या या चित्रपटातली पावसाळी मुंबई आणि दोन मल्याळी परिचारिकांचे एकत्र राहणे मला अतिशय आवडले. परंतु कागदपत्रे नसल्यामुळे डोक्यावरचे छप्पर गमावलेली, छाया कदम यांनी विलक्षण ताकदीने उभी केलेली पार्वती कोकणात परतते आणि तिथे तिची गोष्ट मागे पडते. गावी परतलेल्या बाईचे पुढे काय होते, हे मला अजून पाहायचे होते.

प्रश्न : हे चित्रपट मोबाइलवर पाहिले तर चालतील का?
– एक वाचक, लातूर

उत्तर : ‘कोर्ट’मध्ये एकाच चौकटीत अनेक माणसे आपापल्या हालचाली करीत असतात आणि ‘साबर बोंडं’मध्ये पार्श्वसंगीतच नाही, लहान पडद्यावर आणि बारीक आवाजात या दोन्हींचा अर्धा ऐवज हरवतो. चित्रपटगृह शक्य नसल्यास मोठ्या टीव्हीवर, खोलीत अंधार करून आणि मध्ये न थांबता पाहावेत, असा माझा आग्रह आहे.