पूररेषेच्या दाखल्यासाठी थांबू नका, पॅनेल रूम आधी वर घ्या

तुमची पोस्ट वाचली आणि लगेच लिहायला बसलो. मोठ्या कंपनीच्या नदीकाठच्या केमिकल प्लांटला सेफ्टी ऑफिसर म्हणून तुम्ही नुकतेच रुजू झालात. हेड ऑफिसने जाडजूड आपत्ती आराखडा पाठवलाय, त्यात भूकंपापासून दंगलीपर्यंत सगळं आहे, पण तुमची पॅनेल रूम (प्लांटची वीज जिथून वाटली जाते ती खोली) सखल भागात आहे. ती वर घ्यायला पैसे मागितले तर "प्लॉटची अधिकृत पूरपातळी आणा" असं उत्तर आलं, आणि ती पातळी ज्यांनी द्यायची ते कार्यालय तुम्हाला टोलवतंय. हे सगळं मी भोगलंय, महाडच्या बाजूला. त्यामुळे उत्तर लांबणार आहे.

मॉक ड्रिल, असेंब्ली पॉइंट, विंडसॉक, हायड्रंट यांवर लिहीत नाही, ते तुम्हाला येतंच. घातक रसायनांच्या १९८९ च्या नियमांप्रमाणे ऑन-साइट प्लॅन (प्लांटच्या आतल्या अपघातासाठीचा आराखडा) आणि दर सहा महिन्यांनी त्याची ड्रिल, हेही तुमच्याकडे होत असणार. प्रश्न त्याच्या पुढचा आहे.

आधी त्या कार्यालयाबद्दल. नाव लिहीत नाही. नदीच्या दोन पूररेषा असतात: निळी रेषा साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. आम्हाला एवढंच हवं होतं की आमच्या प्लॉटपाशी लाल रेषेची पातळी समुद्रसपाटीपासून किती मीटर धरायची. पहिल्यांदा सांगितलं, नकाशा आहे पण प्रमाणित प्रत मिळणार नाही. मग सांगितलं, औद्योगिक क्षेत्राचा प्रश्न आमच्याकडे येत नाही, दुसऱ्या कार्यालयात जा. दुसऱ्यांनी परत पहिल्यांकडे पाठवलं. मधल्या काळात साहेबांची बदली झाली आणि फाइल नव्याने सुरू झाली. टेबलावर पसरलेल्या नकाशात आमचा प्लॉट आणि रेषा दोन्ही दिसत होत्या. आकडा समोर होता, पण सहीनिशी तो कागदावर द्यायला कोणी तयार नव्हतं, आणि सही नाही म्हणून हेड ऑफिस पैसे सोडत नव्हतं.

त्यात पावसाळा आला. जुलै २०२१ चा तो पूर तुम्हाला आठवत असेल. २२ तारखेला महाड आणि चिपळूण दोन्ही पाण्याखाली होती, तळियेची दरड त्याच दिवशी कोसळली. आमचा डीजी (डिझेल जनरेटर) आधीपासून उंच चौथऱ्यावर होता, त्याला काही झालं नाही. पण चेंजओव्हर पॅनेल (वीज डीजीवर वळवणारं) आणि एमसीसी (मोटरींना वीज देणारी पॅनेल) खालीच होत्या. डीजी चालू, डिझेल भरपूर, आणि वीज पुढे न्यायला मार्ग नाही. इटीपीचे (सांडपाणी प्रक्रिया केंद्राचे) पंप बंद पडले, सांडपाणी जिथे आधी साठतं तो इक्वलायझेशन टँक भरून वाहिला आणि ते पाणी पुराबरोबर खालच्या शेतांत गेलं. मोटरी आणि ड्राइव्ह बदलता आले. ज्यांच्या शेतात ते पाणी गेलं, त्या माणसांसमोर उभं राहणं फार जड गेलं. त्यांनी विचारलं, "तुम्हाला माहीत नव्हतं का?" माहीत होतं. आमच्या प्रस्तावात तारखेसकट लिहिलेलं होतं. म्हणून आजही त्या कार्यालयाचा राग जात नाही.

तर माझं ठाम मत: दाखल्याची वाट पाहू नका. पातळी स्वतः मोजा. आसपासच्या देवळाच्या भिंतीवर, जिल्हा परिषदेच्या शाळेत, जुन्या घरांच्या जोत्यावर २००५ च्या आणि २०२१ च्या पुराच्या खुणा आहेत, आणि त्या दाखवणारी माणसंही आहेत. एक खासगी सर्व्हेअर ऑटो लेव्हल (उंचीतला फरक मोजायची दुर्बीण) घेऊन आला की त्या खुणा आणि तुमच्या पॅनेल रूमचा तळ एकाच संदर्भबिंदूवरून मोजता येतो. दोन-तीन वेगवेगळ्या खुणा घ्या, कारण एकाच माणसाची आठवण दगा देऊ शकते. सर्वांत वरची खूण धरा आणि त्यावर आणखी किमान एक मीटर ठेवा. हा एक मीटर माझा आहे, कुठल्या नियमातला नाही. खाडीजवळ असाल तर भरतीचाही विचार करा: नदीला पूर आणि समुद्राला भरती एकाच वेळी आली की पाणी ओसरत नाही, महाडकरांना हे सांगावं लागत नाही. फोटो, जागामालकाची सही आणि सर्व्हेअरचा अहवाल एकत्र जोडून प्रस्ताव पुन्हा पाठवा. "अधिकृत पातळी मिळेपर्यंत ही प्रत्यक्ष मोजलेली पातळी ग्राह्य धरावी" असं वाक्य त्यात घाला, आणि नाकारायचं असेल तर लेखी नाकारा असंही. लेखी नकार द्यायला फारसं कोणी धजावत नाही.

हेड ऑफिसला उदाहरण हवं असेल तर अमेरिकेतलं द्या. ऑगस्ट २०१७ मध्ये हार्वे वादळात टेक्सासमधल्या क्रॉस्बीच्या आर्केमा प्लांटमध्ये पाणी शिरलं. तिथे सेंद्रिय पेरॉक्साइड होती, ती थंड ठेवली नाहीत तर आपोआप विघटन होऊन पेटतात. वीज गेली, बॅकअप जनरेटर पाण्यात गेले, माल रेफ्रिजरेटेड ट्रेलरमध्ये हलवला, तर ट्रेलरही बुडाले. शेवटी दीड मैलाच्या परिघातली वस्ती रिकामी करावी लागली आणि ३१ ऑगस्टपासून ट्रेलर पेटत गेले. नंतरच्या सरकारी चौकशीत निघालं की प्लांट पूरक्षेत्रात असल्याचं विमा कंपनीच्या अहवालात आदल्याच वर्षी नमूद होतं, पण प्लांटवरच्या माणसांना ते माहीत असल्याचं दिसलं नाही. ही कंपनी लहान नव्हती. म्हणून तुमच्या विमा कंपनीचा जोखीम पाहणी अहवाल मागून घ्या. बहुतेक ठिकाणी तो फायनान्सच्या कपाटात असतो आणि सेफ्टीवाल्यांपर्यंत पोहोचतच नाही.

आता कागदावरच्या आराखड्यात मला सर्वांत कमी दिसणारी गोष्ट: वेळेचं गणित. तुमची सर्वांत लांब बॅच (रिअ‍ॅक्टरमध्ये एका वेळी चालणारी प्रक्रिया) सुरक्षित टप्प्यावर आणून थांबवायला किती तास लागतात? आणि नदीच्या पुराचा इशारा आल्यापासून पाणी गेटपर्यंत पोहोचायला किती तास लागतात? समजा पहिलं उत्तर १२ आणि दुसरं ६ असेल, तर इशारा आल्यावर शटडाउन सुरू करून उपयोग नाही. बॅच चार्ज करणं (रिअ‍ॅक्टरमध्ये नवा माल भरणं) त्याच्या कितीतरी आधी थांबलं पाहिजे, हवामान खात्याच्या रेड अलर्टवरच. हा निर्णय शिफ्ट इनचार्जला कोणाला फोन न लावता घेता आला पाहिजे, आणि घेतल्यावर उत्पादन बुडालं म्हणून दुसऱ्या दिवशी त्याला कोणी फैलावर घेता कामा नये. आमच्याकडे जीवितहानी झाली नाही ती एवढ्यामुळेच: त्या दिवशीच्या शिफ्ट इनचार्जने दुपारीच नवीन चार्जिंग बंद केलं होतं आणि रिअ‍ॅक्टर थंड करून ठेवले होते. रात्री मोबाइलचं नेटवर्कही नव्हतं. परवानगी मागत बसला असता तर ती मिळायला माणूसच नव्हता.

नदीची पातळी कुठून कळते याचाही एकच स्रोत ठेवू नका. इशारा पातळी आणि धोका पातळी यांचे निरोप तहसीलमार्गे येतात आणि रात्री ते कुठेतरी अडकतात. वरच्या अंगाच्या गावातल्या दोन माणसांशी संबंध ठेवा, त्यांना महिन्याला काही मानधन द्या, आणि गेटवर वॉकी-टॉकी ठेवा. कलेक्टरांच्या अध्यक्षतेखालचा जिल्हा आपत्ती गट आणि तुमच्या औद्योगिक वसाहतीचा स्थानिक गट १९९६ च्या नियमांनुसार असायला हवा. बैठकांना स्वतः जा, एचआरला पाठवू नका. ओळख नसेल तर पुराच्या रात्री फोन कोणी उचलत नाही.

टाक्यांबद्दल थोडं, कारण तुम्ही टँक फार्मचा उल्लेख केलाय. रिकामी टाकी पुरात होडीसारखी तरंगते. तीन मीटर व्यासाच्या टाकीभोवती एक मीटर पाणी चढलं की सुमारे सात टन वर उचलणारा जोर तयार होतो, आणि साध्या लोखंडी टाकीचं स्वतःचं वजन अडीच-तीन टनच असतं. अँकर बोल्ट गंजलेले असतील तर टाकी पाइपलाइन तोडून निघून जाते. म्हणून पावसाळ्याआधी बोल्ट तपासा, आणि टाकीत काय भरून ठेवायचं हे आधीच ठरवा. पाण्याशी प्रक्रिया करणारा माल (सोडियम, थायोनिल क्लोराइड, अ‍ॅल्युमिनियम क्लोराइड) जूनच्या आधी वरच्या मजल्यावर न्या किंवा साठा कमीत कमी ठेवा. डाइकचा (टाक्यांभोवतीच्या बंधाऱ्याचा) ड्रेन व्हॉल्व्ह बंद आहे की नाही हे रोज बघा. पावसाचं पाणी काढायला तो उघडतात आणि तसाच ठेवतात, हे मी अनेक कारखान्यांत पाहिलंय.

थोडं विषयांतर, पण सांगतो. ठेकेदाराच्या कामगारांची हजेरी गेटवरच्या एकाच रजिस्टरवर असेल तर ती बदला. गेट बुडालं की रजिस्टर बुडतं आणि आत किती माणसं आहेत हे कोणालाच सांगता येत नाही. दुसरं, पुराच्या दिवशी पुढची शिफ्ट येणार नाही, कारण त्यांच्याच घरांत पाणी असतं. थांबलेल्या माणसांचं जेवण, औषधं आणि घरच्यांची खबर यांची सोय आराखड्यात हवी. विम्याचंही बघा: आग आणि पुराच्या पॉलिसीत मालमत्तेचं नुकसान मिळतं, बंद काळातल्या नफ्याचं कव्हर वेगळं घ्यावं लागतं. मालमत्तेची किंमत कमी दाखवली असेल तर भरपाई त्याच प्रमाणात कापली जाते. मशिनरीच्या नेमप्लेटचे फोटो काढून प्लांटच्या बाहेर ठेवा, विमा कंपनीचा सर्व्हेअर आल्यावर फार कामाला येतात.

मी वकील नाही आणि विमा सल्लागारही नाही. माझा अनुभव एका खोऱ्यातला आहे, तुमच्या नदीचं वागणं वेगळं असेल. नियमांच्या ताज्या दुरुस्त्या तुमच्या औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाच्या कार्यालयातून तपासून घ्या. रिअ‍ॅक्टरच्या शटडाउनचे तास प्रोसेसवाल्यांबरोबर बसून काढा, माझ्या उदाहरणातले आकडे उचलू नका.

आणि हो, त्या कार्यालयाकडचा अर्ज मागे घेऊ नका. पोच घेत राहा, माहिती अधिकारात नकाशाची प्रत मागा. तुम्ही स्वतः मोजलेली पातळी आणि त्यांचा आकडा वेगळा निघाला तर जो जास्त असेल त्यावर पॅनेल रूम बांधा. पुढच्या महिन्यात सर्व्हेअर आला की कुठल्या खुणा मिळाल्या ते इथेच लिहा. तुमच्या नदीकाठचे अजून दोघे-तिघे सदस्य आहेत, त्यांच्याकडच्या खुणाही जुळवून बघता येतील.