चपला आहेत, पण आई?

"मॅडम, हा फार आईवेडा आहे हो. पुढे कसं व्हायचं याचं?" जूनमध्ये शाळा सुरू झाल्या की समुपदेशक म्हणून हा प्रश्न माझ्याकडे हमखास येतो. विचारणारे बहुधा वडील, कधी आजी. मुलगी आईला चिकटली तर ती 'मायाळू', मुलगा चिकटला की 'बायल्या', 'पदराला बांधलेला'. आणि हे सगळं त्याच्यासमोरच!

चिन्मय (नाव बदललं आहे) तिसरीत होता. शाळेच्या वेळेला पोट दुखायचं. बालरोगतज्ज्ञांनी तपासून पोटात काही नाही म्हणून सांगितलं होतं. आई अंघोळीला गेली की हा दाराबाहेर बसून, रात्री तिच्या गाऊनचं टोक मुठीत. "हिनेच लाडावून ठेवलाय. हॉस्टेलला टाकला की होईल सरळ," वडील म्हणाले. आई पर्सची चेन उघडझाप करत राहिली.

खरं सांगते, पहिल्या दोन भेटींत मलाही आईच जरा जास्त हळवी वाटली होती.

तिसऱ्या भेटीत आम्ही दोघं कॅरम खेळत होतो, आईबाबा बाहेर. हा दर दोन मिनिटांनी उठायचा, दार किलकिलं करून खाली बघायचा.

"काय बघतोस रे?"

"आईच्या चपला."

"आहेत ना?"

"आहेत." तरीही बाहेर जाऊन तिचा चेहरा बघून आला.

"चपला आहेत म्हणजे आई असणारच की."

स्ट्रायकर बोटाखाली फिरवत तो म्हणाला, "तेव्हा पण चपला होत्या."

'तेव्हा' म्हणजे कधी, ते आईबाबांना विचारल्यावर कळलं. दीड वर्षापूर्वी आईला डेंग्यू झाला, प्लेटलेट्स घसरल्या. मध्यरात्री शेजाऱ्यांच्या गाडीतून तिला अनवाणीच दवाखान्यात नेलं. हा झोपेत. सकाळी आत्याने सांगितलं, "आई बाजारात गेलीय." आई परत आली ती नऊ दिवसांनी. नंतर त्यावर कुणी अवाक्षर काढलं नाही. लहान आहे, विसरला असेल!

वडील बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "ताईला तसं सांगायला मीच सांगितलं होतं."

पोरगं लाडावलेलं नव्हतंच. ते पहारा देत होतं. मी जॉन बोल्बींना मानणारी. या ब्रिटिश मनोविकारतज्ज्ञाने आईपासून तुटलेल्या मुलांवर १९५१ साली जागतिक आरोग्य संघटनेसाठी अहवाल लिहिला. मूल चिकटतं ते माया जास्त झाली म्हणून नव्हे, तर आपली माणसं जवळ राहतील याची खात्री नसते म्हणून, हे त्यांनी पुढे पुन्हा पुन्हा मांडलं. त्यांच्या सहकारी मेरी एन्सवर्थ यांनी युगांडातल्या खेड्यांत रांगती बाळं पाहिली. आईची खात्री असलेली बाळं तिला सोडून बिनधास्त लांब जात, मधूनच परत येत. आपल्या अंगणातही हेच दिसतं, फक्त बघायला हवं.

मग हॉस्टेल राहिलं बाजूला. वडिलांनी दवाखान्याची फाइल काढून चिन्मयला त्या नऊ दिवसांची गोष्ट सांगितली, "आम्ही तुझ्याशी खोटं बोललो" यासकट. आईने त्याची नजर चुकवून निघायचं नाही, रडला तरी सांगून निघायचं, असं ठरलं. "लगेच येते" हे बंद. "साडेसहाला येते", आणि उशीर होणार असेल तर फोन. शाळा बुडवायची नाही, मात्र मधल्या सुट्टीत वर्गशिक्षिका दोन मिनिटं त्याच्याशी बोलणार. संध्याकाळी सायकल बाबांबरोबर. ही शेवटची गोष्ट औषधासारखी लागू पडते, पण वडिलांना पटवायला मला आईपेक्षा दुप्पट वेळ लागतो. आणि "मुलगा असून रडतोस?" हे तर आधी थांबवा. त्याने रडू थांबत नाही, फक्त लपतं.

चार महिन्यांनी तो बाबांबरोबर आला. दोघांच्याच चपला दाराशी.

"आई?"

"दळण आणायला गेलीय. साडेसहाला घरी येणार."

सोंगट्या लावताना त्याने एकदा भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. मग राणी घेतली, तीही कव्हरसकट.