कोकणातलं पर्यटन आणि कोविड: प्रबंधात तुलना कशाशी करायची?

तुमचा आराखडा वाचला. दापोली तालुक्यातल्या घरगुती निवास-न्याहारीवाल्या 200 जणांना गूगल फॉर्म पाठवायचा, 2019 आणि 2020 च्या उत्पन्नाची तुलना करायची आणि जी घट दिसेल ती कोविडची म्हणून मांडायची. पीएच.डी.ला एवढं पुरेल का, असं विचारलंय. स्पष्टच सांगते, नाही पुरणार. पण विषय सोडू नका, कारण या लहान घरांवर नीट काम फार थोडं झालंय.

पहिली अडचण तारखांची आहे. 24 मार्च 2020 च्या मध्यरात्री टाळेबंदी लागली आणि 3 जूनला निसर्ग चक्रीवादळ आलं. श्रीवर्धनपासून दापोलीतल्या केळशी-आंजर्ल्यापर्यंत नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या, घरांची छपरं उडाली. ज्या घराच्या पाहुण्यांच्या खोल्यांवर पत्राच राहिला नाही, त्याचं 2020 मधलं नुकसान तुम्ही कुठल्या खात्यावर मांडणार? शिवाय इथलं घरगुती पर्यटन वाडीच्या जिवावर चालतं. हंगाम मंदा गेला तरी सुपारीच्या पैशावर घर तरून जातं. त्या वर्षी दोन्ही आधार तीन महिन्यांच्या आत गेले, आणि नवी पोफळ धरायला बरीच वर्षं लागतात.

म्हणून दापोलीच्या जोडीला सिंधुदुर्गातलं मालवण-वेंगुर्ला घ्या. टाळेबंदी दोन्हीकडे होती, निसर्गची झळ मात्र तिकडे फार कमी बसली. दोन्हीकडच्या घटीतला फरक तुम्हाला वादळाच्या नुकसानीच्या आकड्याजवळ नेईल. फक्त ही तुलना एप्रिल 2021 ला थांबवा, कारण मे महिन्यात तौक्ते चक्रीवादळाने सिंधुदुर्गालाही झोडपलं.

आधारवर्ष म्हणून 2019 डोळे मिटून घेऊ नका. गोव्याचं उदाहरण घ्या. थॉमस कुक ही ब्रिटिश पर्यटन कंपनी सप्टेंबर 2019 मध्ये बुडाली, त्यामुळे चार्टर विमानांनी येणाऱ्या पर्यटकांचा हंगाम कोविडच्या आधीच लंगडा झाला होता. पुढे 2021 मध्ये गोव्यात देशी पर्यटक 33 लाखांच्या आसपास आले, म्हणजे 2020 पेक्षा जास्त. परदेशी मात्र 22 हजारांवर उतरले, जे 2019 मध्ये नऊ लाखांवर होते. एकूण आकडा पाहिला तर पर्यटन सावरताना दिसतं. रशियन आणि ब्रिटिश पाहुण्यांवर चालणाऱ्या किनाऱ्यावरच्या शॅकवाल्याला विचारलं तर उत्तर वेगळं येईल.

राष्ट्रीय आकडेही जपून वापरा. एनसीएईआर या आर्थिक संशोधन संस्थेने पर्यटन मंत्रालयासाठी केलेल्या अभ्यासात एप्रिल ते जून 2020 मध्ये 1.45 कोटी, पुढच्या तिमाहीत 52 लाख आणि त्यापुढच्या तिमाहीत 18 लाख रोजगार गेल्याचा अंदाज आहे. तो महत्त्वाचा आहे, पण देशपातळीवरचा आहे. त्यातून तालुक्याचा वाटा काढायला जाऊ नका.

आता फॉर्मबद्दल. बंद पडलेली खानावळ फॉर्म भरत नाही. 2020-21 मध्ये बाहेर पडणंच शक्य नव्हतं, म्हणून अनेकांनी ऑनलाइन प्रश्नावल्यांवर निबंध लिहिले आणि तगून राहिलेल्यांचीच उत्तरं मोजली गेली. ती अडचण आज तुम्हाला नाही. ग्रामपंचायतीत, निवास-न्याहारी योजनेत मार्च 2020 पूर्वी ज्यांची नोंद होती त्यांची यादी मिळवा आणि एकेका नावामागे जा. कोणी खोल्या भाड्याने देणं सोडलं, कोण मुंबईला मुलाकडे गेलं, कोणी जागा विकली, हे कळल्याशिवाय परिणाम मोजला असं म्हणता येणार नाही.

आणि वही मागा. केळशीत एका काकूंनी मला त्यांची लांबट वही दाखवली होती. मार्चच्या मध्यापर्यंत खोल्या, माणशी जेवण, मोदकांचे नग. मग पानभर एकच शब्द, ‘परत’, आणि समोर रकमा. मे महिन्यासाठी घेतलेली आगाऊ रक्कम त्यांनी एकेकाला फोन करून परत केली होती. पुढच्या पानावर जून, पडलेल्या पोफळींची मोजणी, पाच-पाचच्या रेघांत. परत केलेले पैसे त्यांनी घरातल्या बचतीतून काढले होते, आणि पत्रे घ्यायची वेळ आली तेव्हा हातात काही नव्हतं. माझ्या प्रश्नावलीत आगाऊ रकमेचा रकानाच नव्हता. त्या दिवसानंतर मी ती सगळी पुन्हा लिहिली. तुम्ही तो रकाना पहिल्यापासून ठेवा.

जायचं तर लावणी आटोपल्यावर, श्रावणात जा. मे महिन्यात कुणालाही बसून बोलायला सवड नसते, आणि वही तर हाताबाहेर सोडतच नाहीत.