वाचकांचे प्रश्न : उडत्या रडारमधली घड्याळं एकमेकांशी जुळतात कशी?

प्रश्न : मी नाशिकला इलेक्ट्रॉनिक्सच्या शेवटच्या वर्षाला आहे. हवाईदलाच्या 'नेत्रा' विमानाबद्दल वाचलं. अशा विमानात रडार, शत्रूचे सिग्नल पकडणारी यंत्रणा, आपला-परका ओळखणारी यंत्रणा, सगळ्यांचे प्रोसेसर वेगळे असतात म्हणे. पण सगळे एकाच विमानात, थोड्याशा वायरने जोडलेले, मग टाइम सिंकचा, म्हणजे घड्याळं जुळवण्याचा, एवढा बाऊ कशाला? आणि डेटा पोचायलाच हवा असेल तर सरळ टीसीपी (हरवलेला डेटा परत मागवणारी नेटवर्कची पद्धत) का वापरत नाहीत?

उत्तर : बाऊ नाहीये, आकडे मांडून बघा म्हणजे लक्षात येईल. नेत्रा म्हणजे एम्ब्राएरच्या ईएमबी-१४५ विमानाच्या पाठीवर लांबट रडार बसवलेलं, संरक्षण संशोधन संस्था डीआरडीओच्या बेंगळुरूच्या 'कॅब्स' या प्रयोगशाळेने उभं केलेलं, २०१७ मध्ये हवाईदलात आलेलं. आता असं विमानावरचं रडार काय सांगतं, तर आपल्या नाकापासून इतक्या अंशावर, इतक्या अंतरावर काहीतरी आहे. ते नकाशावर टाकायचं तर त्या क्षणी आपलं नाक कुठे होतं हे कळायला हवं, आणि ते सांगतो दुसराच डबा, इनर्शियल नेव्हिगेशनचा, म्हणजे विमानाची दिशा आणि हालचाल मोजणारा. समजा विमान सेकंदाला ३ अंश या नेहमीच्या वेगाने वळतंय आणि या दोन डब्यांच्या वेळेत १०० मिलिसेकंदांचा फरक पडला, तर ०.३ अंशाची चूक झाली. २०० किलोमीटरवरच्या टार्गेटसाठी ती चूक होते एक किलोमीटरपेक्षा जास्त! मग स्क्रीनवर एकाच विमानाचे दोन ट्रॅक दिसायला लागतात, एक रडारचा आणि एक दुसऱ्या सेन्सरचा, आणि ऑपरेटरला वाटतं दोन विमानं आहेत.

आणि १०० मिलिसेकंद म्हणजे फार नाही हो. घड्याळातला साधा क्वार्ट्झ क्रिस्टल १० पीपीएमने (दहा लाखात १०) सरकत असेल तर तासाला ३६ मिलिसेकंद घालवतो, पाच तासांच्या उड्डाणात १८०. दुसऱ्या प्रोसेसरचा क्रिस्टल उलट्या बाजूला सरकत असेल तर फरक दुप्पट. वायर किती लांब आहे याचा इथे संबंधच नाही, घड्याळंच वेगवेगळी चालतात.

जुळवायची रीत मात्र सुंदर आहे, मला ती प्रत्येक वेळी नव्याने आवडते. अ ने ब ला मेसेज पाठवला तेव्हा अ च्या घड्याळात ० मिलिसेकंद. ब ला मिळाला तेव्हा ब च्या घड्याळात १२. ब ने उत्तर पाठवलं १३ ला, अ ला मिळालं अ च्या ५ ला. जाऊन-येऊन लागले ५ वजा १, म्हणजे ४, एका बाजूला २. म्हणजे मेसेज पोचला तेव्हा अ च्या घड्याळात २ वाजले होते आणि ब च्या १२, म्हणून ब दहाने पुढे आहे. नेटवर्कवरून घड्याळं जुळवण्याच्या दोन पद्धती आहेत, एनटीपी आणि जास्त अचूक पीटीपी, दोन्हींच्या मुळाशी हेच गणित. यात एकच गोष्ट धरून चाललोय, जायला आणि यायला सारखाच वेळ लागतो, आणि नेटवर्कच्या स्विचमध्ये पॅकेटांची रांग लागली की नेमकं तेच खोटं ठरतं. म्हणून पीटीपीमध्ये वेळेचा शिक्का सॉफ्टवेअरमध्ये न मारता थेट नेटवर्क पोर्टच्या हार्डवेअरमध्ये मारतात, स्विचही आपल्याकडे पॅकेट किती वेळ थांबलं ते सांगतो, आणि मग मायक्रोसेकंदाच्या आत जुळणी होते. अजून एक, फरक कळला म्हणून घड्याळ एकदम मागे ओढायचं नाही, हळूहळू सरकवायचं, कारण ट्रॅकर (टार्गेटचा माग ठेवणारं सॉफ्टवेअर) वेग काढताना दोन वेळांच्या फरकाने भागतो आणि तो फरक शून्य किंवा उणे आला तर सगळा ट्रॅक बिघडतो.

आता टीसीपी. टीसीपी हरवलेलं पॅकेट परत मागवतं हे खरं, पण ते येईपर्यंत त्याच्या मागून आलेलं सगळं अडवून धरतं. क्रिकेटच्या कॉमेंट्रीत एक चेंडू ऐकायचा राहिला म्हणून पुढच्या दोन ओव्हर थांबवून ठेवल्यासारखं होईल ते. रडारचा पुढचा प्लॉट (टार्गेट दिसल्याची एक नोंद) ताजा असतो, आधीचा शिळा, म्हणून प्लॉट यूडीपीवर (पोचलं का ते न विचारता पाठवत राहणारी पद्धत) जातात, प्रत्येकावर अनुक्रमांक, सीआरसी (डेटा वाटेत बिघडला का ते दाखवणारा आकडा) आणि मोजमाप झालं त्या क्षणाची वेळ. एखादा क्रमांक गळला तर ट्रॅकर अंदाजाने पुढे जातो. ऑपरेटरची कमांड मात्र हरवून चालत नाही, तिला पोचपावती लागते, नाही आली तर ठरावीक वेळा परत पाठवायची. आणि तोच क्रमांक दोनदा आला तर दुसरा टाकून द्यायचा, नाहीतर एकच कमांड दोनदा अमलात येते. एअरबसच्या ए-३८० विमानात आलेल्या एएफडीएक्स या नेटवर्कात तर प्रत्येक फ्रेम दोन स्वतंत्र नेटवर्कवरून एकदम पाठवतात, जी आधी आली ती घ्यायची. लष्करी विमानांतल्या जुन्या १५५३ बी डेटा बसवर (सगळ्या डब्यांची सामाईक वायर) एक शब्द २० बिटचा, वेग सेकंदाला १ मेगाबिट, म्हणजे ३२ शब्दांचा मेसेज पोचेपर्यंत ६४० मायक्रोसेकंद गेलेले असतात, पण हा उशीर ठरलेला असल्याने वजा करता येतो. खरा त्रास कमी-जास्त होणाऱ्या उशिराचा. म्हणून माझं ठाम मत आहे की वेळेचा शिक्का सेन्सरपाशीच बसला पाहिजे, घेणाऱ्याने मेसेज हातात आल्याची वेळ लावली की पुढचं कुठलंही गणित ती चूक भरून काढत नाही.

प्रश्न : जीपीएसवरूनच सगळ्यांनी वेळ घेतली तर?

उत्तर : घेतातच, जीपीएस रिसीव्हर दर सेकंदाला एक पल्स देतो आणि मास्टर घड्याळ त्यावर चालतं. पण लढाईत जीपीएस जॅम होणार हे धरूनच चालायचं, म्हणून मास्टरमध्ये रुबिडियमचं अणुघड्याळ किंवा तापमान स्थिर ठेवलेला चांगला क्रिस्टल असतो, तो तोवर सांभाळून घेतो. शिवाय जीपीएसची वेळ यूटीसीच्या, म्हणजे जागतिक प्रमाण वेळेच्या, १८ सेकंद पुढे आहे, २०१६ च्या अखेरीस यूटीसीत जो जादाचा लीप सेकंद घातला तेव्हापासून. एकाने ही आणि दुसऱ्याने ती धरली तर २५० मीटर प्रति सेकंदाने जाणारं विमान साडेचार किलोमीटर चुकीच्या जागी दिसेल.

प्रश्न : वेळेच्या चुकीने खरंच कुठे नुकसान झालंय का?

उत्तर : झालंय, आणि माणसं गेलीत. २५ फेब्रुवारी १९९१, सौदीतलं धहरान. हे जमिनीवरचं, अमेरिकेच्या क्षेपणास्त्रविरोधी पॅट्रियट यंत्रणेचं रडार, पण दुखणं तेच. सिस्टिम सुरू झाल्यापासूनची वेळ सेकंदाच्या दहाव्या भागात मोजायची, आणि एक दशांश बायनरीत पूर्ण मांडता येत नाही, २४ बिटांत तो कापला जायचा. सलग १०० तास चालू राहिल्यावर चूक झाली ०.३४ सेकंद. समोरून येणाऱ्या इराकच्या स्कड क्षेपणास्त्राचा वेग सेकंदाला १,६७६ मीटर, म्हणजे रडारने अर्ध्या किलोमीटरपेक्षा जास्त चुकीच्या जागी बघितलं. स्कड अडवलंच गेलं नाही आणि २८ अमेरिकन सैनिक मेले. सुधारलेलं सॉफ्टवेअर तिथे पोचलं दुसऱ्या दिवशी. त्यातही कोडमध्ये काही ठिकाणी वेळेचं रूपांतर आधीच सुधारलेलं होतं आणि काही ठिकाणी नव्हतं, त्यामुळे दोन वेळांची वजाबाकी करताना चूक कटली नाही.

नाशिकच्या मित्राला प्रोजेक्टसाठी सुचवतो, दोन रास्पबेरी पाय (छोटे स्वस्त कॉम्प्युटर) आणि एक साधा स्विच घ्या, पीटीपी चालवा आणि ऑफसेटचा, म्हणजे दोन घड्याळांतल्या फरकाचा, ग्राफ काढा, मग त्याच स्विचवरून मोठी फाइल कॉपी करत राहा आणि ग्राफ कुठे उड्या मारतो ते बघा, नंतर मधेच केबल काढून दहा मिनिटांनी परत लावा. टेस्टिंगला लांबलचक रन ठेवाच, रात्रभर तरी, कारण क्रिस्टलचं सरकणं पाच मिनिटांच्या डेमोत दिसत नाही.