अर्धा टक्का कशाचा? ब्लॅकजॅकसाठी बोनस बाजूला काढण्याआधी

प्रश्न: माझं वय ३४, पिंपरीत एका कारखान्यात नोकरी. हातात महिन्याला ६८,००० रुपये येतात. घरकर्जाचा हप्ता २४,५००, घरखर्च साधारण २६,०००, चार वर्षांच्या मुलीसाठी ५,००० ची एसआयपी, बँकेत ९०,००० ची एफडी. गेल्या दिवाळीत मित्रांबरोबर गोव्याला गेलो असताना मांडवीतल्या कॅसिनोत ब्लॅकजॅकवर (पत्त्यांची बेरीज २१ च्या पार न नेता डीलरपेक्षा, म्हणजे कॅसिनोतर्फे पत्ते वाटणाऱ्यापेक्षा, जास्त आणायचा खेळ) एका संध्याकाळी १८,००० जिंकलो. ५०० ची पैज लावत होतो. तेव्हापासून मोबाइलवर, पैसे न लावता, बेसिक स्ट्रॅटेजी, म्हणजे कोणत्या पत्त्यांवर काय करायचं त्याचा तक्ता, पाठ करतोय. ती नीट पाळली तर कॅसिनोचा वाटा अर्धा टक्का, म्हणजे लाखाला फक्त ५०० रुपये. यंदाच्या १,२०,००० बोनसमधला एक लाख वेगळा ठेवून वर्षातून चारदा जावं असं वाटतं. पैज किती लावायची ते जॉन केलीच्या फॉर्म्युल्याने ठरवेन. लागलंच तर एसआयपी सहा महिने थांबवेन. बायकोशी अजून बोललो नाही. हे बरोबर आहे का?

उत्तर: लाख रुपये काढू नका आणि एसआयपीला हात लावू नका. गोव्याला जायचं असेल तर जरूर जा, ब्लॅकजॅकही खेळा, पण वर्षाला १६,००० रुपयांत, आणि ते पैसे खर्च झाले असं धरून. हा आकडा कुठून आला ते पुढे सांगतो. आधी तुमच्या अर्ध्या टक्क्याबद्दल, कारण सगळा बेत त्यावर उभा आहे.

तुम्ही पाठ केलेली पद्धत खरी आहे. १९५६ साली अमेरिकी लष्करात काम करणाऱ्या बाल्डविन, कँटी, मायझेल आणि मॅकडर्मॉट या चौघांनी साध्या टेबलावरच्या गणनयंत्रांवर ब्लॅकजॅकचा हिशेब मांडला आणि संख्याशास्त्राच्या नियतकालिकात छापला. आज सगळे जो तक्ता वापरतात त्याचं मूळ तिथे आहे. नियम चांगले असतील आणि एकही हात, म्हणजे डाव, चुकीचा खेळला नाही, तर कॅसिनोचा वाटा अर्ध्या टक्क्याच्या आसपास येतो. रूलेटच्या एक शून्यवाल्या चाकावर तो २.७ टक्के असतो. म्हणजे तुम्ही खेळ चुकीचा निवडलेला नाही.

चूक पुढच्या वाक्यात आहे: ‘लाखाला ५००’. हा अर्धा टक्का तुम्ही घरून नेलेल्या पैशावर लागत नाही. तो टेबलावर ठेवलेल्या प्रत्येक पैजेवर लागतो. रिक्षाचं मीटर तुमच्या खिशात किती आहेत ते बघत नाही, चाकं किती फिरली ते बघतं, तसंच हे. ५०० च्या पैजेनं तासाला ७० हात धरा. चार तासांत २८० हात होतात आणि टेबलावर १,४०,००० रुपये फिरतात. वर्षातून चार फेऱ्या, प्रत्येक फेरीत दोन संध्याकाळी, म्हणजे ११,२०,००० ची उलाढाल. तिचा अर्धा टक्का ५,६०० रुपये. आणि दोन पेगनंतर, रात्री अकरा वाजता, शेजारचे लोक सल्ले देत असताना तक्ता थोडा जरी सुटला तर वाटा सहज दोन टक्क्यांवर जातो. मग तेच २२,४०० होतात.

एवढंच असतं तर मी म्हटलं असतं, परवडतंय तर करा. पण ही सरासरी आहे, आणि सरासरी तुम्हाला एका संध्याकाळी भेटत नाही. ब्लॅकजॅकमध्ये एका हाताचा चढउतार पैजेच्या साधारण १.१५ पट धरावा लागतो. २८० हातांना तो ९,६०० रुपयांच्या घरात जातो. सरासरी तोटा ७०० आणि हेलकावा ९,६००! म्हणून १०,००० घेऊन ५०० च्या टेबलावर बसलेला माणूस, तक्ता शंभर टक्के पाळूनही, तीनातून साधारण एकदा चार तास पुरे होण्याआधीच रिकामा होतो. त्याच टेबलावर २०,००० घेऊन बसलात तर अशी वेळ वीसातून एकदा येते. पैशाचं नियोजन म्हणजे इथे एवढंच आहे: पैज आपल्या रकमेच्या चाळिसाव्या भागापेक्षा मोठी नको. त्यानं कॅसिनोचा वाटा पैशानंही कमी होत नाही, फक्त संध्याकाळ अर्ध्यात संपत नाही.

तुमच्या दिवाळीच्या १८,००० चा उलगडाही यातच आहे. अशी संध्याकाळ चाळिसातून एखादी येते, आणि तुम्हाला ती पहिल्याच फेरीत आली. तेव्हा तुम्हाला तक्ताही माहीत नव्हता. तो विजय बाजूला ठेवून निर्णय घ्या, एवढी माझी मनापासून विनंती आहे.

आता टेबलावर काय बघायचं ते. बसण्याआधी हिरव्या कापडावर छापलेली ओळ वाचा: ब्लॅकजॅकला, म्हणजे पहिल्या दोन पत्त्यांत एक्का आणि दहाच्या किमतीचा पत्ता आला तर, ३ ला २ देतात की ६ ला ५. ५०० च्या पैजेवर पहिल्यात ७५० मिळतात, दुसऱ्यात ६००. ब्लॅकजॅक साधारण २१ हातांत एकदा लागतो, म्हणजे २८० हातांत तेराएक वेळा. या एका ओळीमुळे संध्याकाळी साधारण १,९०० रुपये जास्त जातात. तुम्ही घोकलेल्या तक्त्याचा बहुतेक फायदा ही एक ओळ खाऊन टाकते. ६ ला ५ दिसलं तर त्या टेबलावर बसू नका, किमान पैज कितीही कमी असली तरी.

डीलरसमोर एक्का आला की तो ‘इन्शुरन्स?’ विचारतो. नाव ऐकून सांभाळून खेळणारी माणसं नेमकी तिथे फसतात. ही वेगळी पैज आहे: डीलरचा दुसरा पत्ता दहाच्या किमतीचा असेल तर दुप्पट. तेरा पत्त्यांत असे चार, दहा, गुलाम, राणी आणि राजा. बरोबरीत सुटायला तीनातून एकदा तो पत्ता यावा लागतो, येतो तेरातून चारदा. शंभराला साडेसात रुपयांच्या आसपास तोटा. स्वतःच्या हातात ब्लॅकजॅक असला तरी घेऊ नका.

आणि १६ चा हात. समोर डीलरचा दहा, तुमच्याकडे १० आणि ६. पत्ता मागितला तर तेरातले आठ पत्ते तुम्हाला २१ च्या पार नेतात. हात थरथरतो, म्हणून बहुतेक जण थांबतात. तक्ता सांगतो, मागा. दोन्हीकडे तोटाच आहे, मागण्यात किंचित कमी. अशा हातांवर सलग चारदा हरल्यावरही पाचव्यांदा शांतपणे पत्ता मागता येतो का, ही खरी परीक्षा, आणि ती मोबाइलवर होत नाही, कारण तिथे हरलेले पैसे तुमचे नसतात.

केली फॉर्म्युल्याबद्दल. बेल लॅब्ज या अमेरिकी संशोधन संस्थेतल्या जॉन केलीनं तो १९५६ मध्येच मांडला. आपल्या बाजूला जेवढा फायदा, त्या प्रमाणात पैज, हा त्याचा गाभा. तुमच्या बाजूला फायदा उणे अर्धा टक्का आहे. फॉर्म्युल्यात तो घाला, उत्तर येतं: पैज लावू नका. गेलेले पत्ते मोजून फायदा आपल्याकडे वळवता येतो हे अमेरिकी गणितज्ञ एडवर्ड थॉर्पनं १९६२ मध्ये दाखवलं, पण त्यासाठी पैज एकदम कमीजास्त करावी लागते, कॅसिनोचं त्यावर लक्ष असतं, आणि जिथे पत्ते सतत पिसणारं यंत्र असतं तिथे मोजायला काही उरतच नाही. वर्षातून आठ संध्याकाळी खेळणाऱ्यानं त्या वाटेला जाऊ नये.

मित्रांपैकी कुणीतरी ‘हरलास की डबल लाव’ सांगेलच. ५००, १,०००, २,०००, ४,०००, ८,०००, १६,०००: सहा हात गेले की ३१,५०० गेले, आणि सातवी पैज ३२,००० ची, टेबलाची कमाल मर्यादा बहुधा त्याआधीच आडवी येते. ५०० परत मिळवण्यासाठी! चार तासांच्या खेळात बरोबरीचे हात वगळून सलग सहा हात हरण्याची वेळ दहातून नऊदा येते. हे अजिबात करू नका.

तुमच्या पत्रात कराचा एक शब्दही नाही. मला काळजी वाटते ती याचीच. सप्टेंबर २०२५ पासून कॅसिनोवरचा जीएसटी २८ वरून ४० टक्के झाला, आणि तो चिप्स विकत घेताना दिलेल्या पूर्ण रकमेवर धरला जातो. जिंकलेल्या चिप्सनी पुन्हा खेळलात तर दुसऱ्यांदा लागत नाही, पण न वापरलेल्या चिप्स परत केल्या तरी त्यावरचा कर कमी होत नाही. हा बोजा तुमच्यावर किती टाकतात ते काउंटरवर सरळ विचारा: दहा हजार दिले तर हातात कितीच्या चिप्स येणार? पूर्ण कर तुमच्याकडून घेतला तर उत्तर ७,१४३ येईल. तुमच्या बेताप्रमाणे आठ संध्याकाळी, उरलेले पैसे पुन्हा वापरून, वीस-वीस हजार मोडले तर १,६०,००० पैकी ४५,७०० रुपये पहिला पत्ता पडण्याआधीच गेले. त्यापुढे तुमचा अर्धा टक्का कुठेच दिसत नाही. म्हणून सगळ्या चिप्स एकदम घेऊ नका. अर्ध्या घ्या, बाकीचे पैसे खिशात राहू द्या.

आयकर त्याहून कडक आहे. जिंकलेल्या रकमेवर सरसकट ३० टक्के, उपकर धरून ३१.२, तुमचा स्लॅब कोणताही असो. हरलेली रक्कम त्यातून वजा होत नाही. शुक्रवारी १५,००० जिंकलात आणि शनिवारी १५,००० हरलात, तर हातात काही नाही आणि शुक्रवारच्या १५,००० वर ४,६८० रुपये देणं. अर्ध्या टक्क्याचा खेळ अशा करात उत्पन्नाचं साधन होऊच शकत नाही.

आता तुमच्या पैशाकडे येतो. हप्ता आणि घरखर्च मिळून महिन्याला ५०,५०० लागतात. एफडी ९०,००० ची. म्हणजे उद्या नोकरी गेली तर दोन महिनेही निघत नाहीत, आणि घरी चार वर्षांची मुलगी आहे. बोनसमधले ९०,००० आधी तिथे जाऊ द्या, तरी साडेतीन महिनेच होतील. पुढच्या बोनसपर्यंत सहा महिन्यांचं लक्ष्य ठेवा. एसआयपी सहा महिने थांबवणं म्हणजे आज ३०,००० वाचवणं. वर्षाला १० टक्के धरले तर तेच ३०,००० मुलगी अठरा वर्षांची होताना १,१४,००० च्या आसपास झालेले असतील.

उरलेल्या ३०,००० पैकी १६,००० कॅसिनोसाठी. तुमच्या वर्षाच्या हातातल्या पगाराचे हे जवळजवळ दोन टक्के होतात. निव्वळ करमणुकीच्या एका छंदावर मी कुणालाही यापेक्षा जास्त सुचवत नाही. एक फेरी, दोन संध्याकाळी, आठ-आठ हजार, प्रवेश आणि कर धरून. १४,००० प्रवास आणि मुक्कामाला. २०० ची किमान पैज असलेलं टेबल मिळालं तर तीन-चार तास निवांत खेळा. ५०० चंच असेल तर तासाभरात उठा. पूर्ण आठ हजारांच्या चिप्स हातात असल्या तरी तेवढ्या वेळात त्या संपण्याची शक्यता दहातून एकदाची आहे, पुढे ती भराभर वाढते. पहिल्या संध्याकाळी हरलेले दुसऱ्या संध्याकाळच्या पाकिटातून भरून काढायचे नाहीत.

डेबिट आणि क्रेडिट कार्ड दोन्ही हॉटेलच्या खोलीत ठेवा. क्रेडिट कार्डावर काढलेल्या रोख पैशावर पहिल्या दिवसापासून व्याज चालू होतं, महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास, वर शुल्क वेगळं. आणि सराव फुकटच्या अॅपवरच राहू द्या. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं केलेल्या कायद्यानं पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली आहे. परदेशी साइटवर पैसे अडकले तर कुणाकडे दाद मागणार?

बायकोला न सांगता हे करू नका. बोनस दोघांच्या घराचा आहे, हप्ताही. १६,००० चा आकडा तिच्यासमोर ठेवून ठरला तर तुम्ही टेबलावरून वेळेत उठाल, असा माझा अनुभव आहे. लपवलेली रक्कम परत मिळवायची घाई माणसाला बसवून ठेवते. कधी हरलेला आकडा तिला कमी करून सांगावासा वाटला, किंवा कुणाकडून उसने घेऊन खेळावंसं वाटलं, तर तिथेच थांबा आणि टेलिमानस या मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ या सरकारी क्रमांकावर बोला. ती सेवा मोफत आहे आणि मराठीतही बोलता येतं.

शेवटी, दिवाळीतले १८,००० यंदाच्या विवरणपत्रात ‘इतर उत्पन्न’ या भागात दाखवा. त्यावर ५,६१६ रुपये कर होतो. कॅसिनोनं टीडीएस कापला असेल तर तो २६एएस मध्ये (आयकर खात्याकडच्या तुमच्या करकपातीच्या विवरणात) दिसेल, तेवढा वजा होईल. बोनस जमा होण्याआधी हे भरण्याची तजवीज करून ठेवा.