बटण, कळ आणि खटका

प्रश्न असा आहे: "मुलाला गेम खेळायला कीबोर्ड हवा म्हणून नागपूरच्या बाजारात, बर्डीवर गेलो. दुकानदार कीबोर्डावरच्या अक्षरालाही बटन म्हणत होता, अक्षराखालच्या भागालाही बटन आणि बाजूच्या चालू-बंदलाही बटनच. ‘ब्लू बटनचा घ्या, आवाज मस्त येते,’ असा त्याचा सल्ला. मराठीत या तिन्हींना बटणच म्हणायचं का? आणि बटन की बटण?"

तिन्हींना सरसकट बटण म्हणायचं नाही. मिक्सरचं बटण, लिफ्टचं बटण, गिअरचं बटण, आणि आता १०४ कळांच्या कीबोर्डावर १०४ बटणं! एका शब्दाच्या गळ्यात इतकी कामं बांधली की तो शब्द काहीच सांगेनासा होतो. त्या दुकानात नेमकं तेच झालं. ‘ब्लू बटन’ ऐकून गिऱ्हाईक निळ्या रंगाची अक्षरं शोधत बसतं. निळा असतो तो अक्षराखाली दडलेला भाग, आणि कीबोर्डाची खरी किंमत त्याचीच असते.

बटणाचं आधी उरकतो. हा शब्द इंग्रजीतून आला, पोर्तुगीजांकडून नाही. चावी, पगार, लिलाव त्यांनी दिले म्हणून बटणही त्यांच्याच गलबतातून उतरलं, असं छातीठोकपणे सांगणारे अजून भेटतात. पोर्तुगीज शब्द जिथे खरोखर पोचला तिथे, म्हणजे कोकणीत, त्याचं ‘बुतांव’ झालं. शेवटचा नाकातला स्वर तिथे शाबूत राहिला. आपल्या बटणात त्याचा मागमूस नाही. सदऱ्याला पूर्वी गुंडी असायची. विदर्भात गुंडी म्हटलं की पाण्याचं भांडं आठवणारे पुष्कळ, त्यामुळे इथे बटणाला रान मोकळंच मिळालं. सदऱ्यावरून ते भिंतीवरच्या बोर्डावर गेलं आणि तिथून सगळीकडे. बोटाने दाबायचा, बाहेर दिसणारा गोल किंवा चौकोनी उंचवटा म्हणजे बटण. इतपतच त्याची हद्द. तुमच्या कीबोर्डाच्या बाजूचं चालू-बंद तेवढं त्यात बसतं.

कीबोर्डावरच्या अक्षराला कळ म्हणावं. ही कळ पोटात येणारी नाही. ही संस्कृत ‘कला’वरून आलेली, युक्ती आणि यंत्र या अर्थाची. कळसूत्री बाहुलीत तीच आहे. हिंदीत ‘कल-पुर्जे’ म्हणतात त्यातही तीच. ‘कळफलक’ हा शब्द सरकारी आणि कृत्रिम म्हणून हसण्यावारी नेणाऱ्यांनी जरा थांबावं. इंग्रजी ‘की’चं शब्दशः भाषांतर केलं असतं तर ‘किल्लीफलक’ झालं असतं, आणि ते खरोखरच हास्यास्पद झालं असतं, कारण इथे कुलूप कुठेच नाही. ज्याने कुणी ‘कळ’ निवडली त्याला वस्तू कळली होती: दाबली की आत काहीतरी घडतं, ती कळ. हार्मोनियमवाल्यांनी त्याच भागाला पट्टी म्हटलं आणि त्यातून ‘वरच्या पट्टीत बोलणं’ निघालं. तोही शब्द उत्तम आहे, पण तो पेटीपाशीच शोभतो. एक सावधगिरी: फ्रेंचमध्ये ‘बूताँ’ म्हणजे बटणही आणि फुलाची कळीही. तेवढ्यावरून आपली कळ फुलाच्या कळीशी जोडू नका. फुलाची कळी ‘कलिका’वरून आली. दोन्ही घराणी वेगळी.

आता अक्षराखालचा भाग. इंग्रजीत स्विच. याला मराठीत शब्द आहे आणि तो इतका चपखल आहे की तो वापरला जात नाही याची चीड येते. तो शब्द म्हणजे खटका.

खटका कुठे कुठे असतो ते पाहा. छत्रीच्या दांड्यावर असतो. उंदराच्या पिंजऱ्यात असतो. रामपुरी चाकूत असतो, म्हणून तो खटक्याचा चाकू. दाराला असतो, बंदुकीला असतो. या सगळ्यांत समान काय? ताणलेली स्प्रिंग एका ठरावीक जागी अडते किंवा सुटते, आणि त्या क्षणी खट् होतं. आवाजावरून त्या भागाला नाव मिळालं. व्युत्पत्ती एवढीच, आणि एवढी स्वच्छ व्युत्पत्ती मराठीत फार थोड्या शब्दांच्या वाट्याला आली आहे. प्रत्येक शब्दाला संस्कृत धातूचं शेपूट लावल्याशिवाय ज्यांना चैन पडत नाही त्यांनी इथे हात जोडून बाजूला व्हावं. खट् हा लाकडाचा, लोखंडाचा आणि हाडाचा आवाज आहे. त्याला धातुपाठ लागत नाही. खटखट, खटपट, खटकन ही त्याचीच पोरं.

आणि इथून पुढे खरी मौज आहे. बहुतेक कोशांत खटक्याचे अर्थ सुटे सुटे मांडलेले असतात: आवाज, अडकण, मनातली शंका, भांडण. जणू चार परके शब्द चुकून एका घरात राहायला आले. माझ्या मते हा एकच अर्थ आहे, बोटाकडून मनाकडे गेलेला. गुळगुळीत चाललेली गोष्ट मध्येच एका बारीक उंचवट्यावर अडखळते, तेव्हा ती खटकते. वाक्य वाचताना एखादा शब्द खटकतो तेव्हा नेमकं हेच होतं. असं अडखळणं नसेल तर माणूस बेखटक असतो. शास्त्रीय गायनातही खटका आहे. सरळ जाणाऱ्या सुराला चटकन दिलेला तो झटका: दोन-चार स्वर झटदिशी वळसा घेऊन परत जागेवर बसतात. तिथेही तेच. सरळ वाट, एक अडथळा, आणि जागेवर बसणं.

‘खटके उडणे’ हा वाक्प्रचार भांड्याला भांडं लागून होणाऱ्या खटखटीवरून आला असं सांगितलं जातं. मला ते मुळीच पटत नाही, आणि माझा पुरावा क्रियापदात आहे. भांडी वाजतात, आपटतात, लागतात, उडत नाहीत. उडतो तो पिंजऱ्याचा खटका. आधीपासून ताणून ठेवलेलं असतं, एवढंसं बोट लागतं आणि उडतं. दोन माणसांतही आधी ताण भरलेला असतो, म्हणून क्षुल्लक कारणावरून खटके उडतात. ‘उडणे’ हे क्रियापद ओलांडून जो कुणी भांड्यांपाशी जातो, त्याने वाक्प्रचार कानांनी ऐकला आहे, डोळ्यांनी पाहिलेला नाही.

आता हाच शब्द कीबोर्डाला लावून पाहा. साध्या, स्वस्त कीबोर्डात खटका नसतोच. कळांच्या खाली रबराचे घुमट असतात आणि त्याखाली छापील विद्युत-मंडल (सर्किट) असलेले प्लॅस्टिकचे पातळ थर. कळ तळाला टेकेपर्यंत दाबावी लागते तेव्हा अक्षर उमटतं, आणि काही वर्षांत रबर मऊ किंवा कडक होऊन कळ मेल्यासारखी होते. मेकॅनिकल कीबोर्डात मात्र प्रत्येक कळीखाली स्वतंत्र खटका असतो: वरचं झाकण, मधला दांडा, स्प्रिंग, खालची बैठक आणि तांबूस धातूच्या दोन बारीक पत्र्या. दांडा खाली गेला की पत्र्या टेकतात.

जर्मनीच्या चेरी कंपनीने १९८० च्या दशकात आणलेल्या एमएक्स मालिकेतल्या रंगांवरून आज सगळा बाजार बोलतो. दुसऱ्या कंपन्यांनीही बहुतेक तेच रंग उचलले. तीन रंग माहीत असले की पुरे, आणि तिन्हींना मराठी नावं आयती आहेत.

निळा हा बोलका खटका. सुमारे २.२ मिलिमीटरवर अक्षर उमटतं आणि खणखणीत खट् होतं. हा आवाज पत्र्यांचा आहे असा सार्वत्रिक गैरसमज आहे. दांड्याभोवती प्लॅस्टिकचा एक सुटा तुकडा असतो. तो उंचवटा ओलांडताच खाली आपटतो, त्याचा तो आवाज. तपकिरी हा मुका खटका. उंचवटा बोटाला लागतो, पण खट् ऐकू येत नाही. तांबड्यात उंचवटाच नाही. सुमारे ४५ ग्रॅम दाबात कळ सरळ खाली जाते, २ मिलिमीटरवर अक्षर उमटतं आणि ४ मिलिमीटरवर तळ लागतो. हा बेखटक. इंग्रजीत यांना क्लिकी, टॅक्टाइल आणि लिनिअर म्हणतात. बोलका, मुका, बेखटक हे त्यापेक्षा काकणभर सरसच आहेत, कारण ऐकताक्षणी बोटाला काय जाणवेल ते कळतं.

त्या दुकानदाराचा सल्ला गेमसाठी चुकीचाच होता, हेही सांगून टाकतो. निळ्या खटक्यात कळ जिथे लागते तिथेच सुटत नाही. ती थोडी अधिक वर आल्याशिवाय दुसऱ्यांदा लागत नाही. एकच कळ भराभर दाबायची असेल तर बोटाला प्रत्येक वेळी जास्त वर यावं लागतं. त्यामुळे धावपळीच्या गेमला तांबडा बरा, भरपूर टंकलेखन करणाऱ्याला तपकिरी. निळा घ्यायचा तर रात्री दोन वाजता तो शेजारच्या खोलीत ऐकू जाईल हे धरून घ्यावा.

घेताना एक विचारा: खटके उपसून बदलता येतात का? दुकानात याला हॉट-स्वॅप म्हणतात. तसा कीबोर्ड असेल तर एक खटका बिघडला म्हणून आख्खा कीबोर्ड टाकावा लागत नाही. चिमटा लावून खटका सरळ वर ओढायचा. नवा बसवण्याआधी त्याच्या दोन धातूच्या पिना सरळ आहेत का ते उजेडात पाहायचं. तिरक्या पिनेने जोर लावला की पिन दुमडून आतच चेंगरते आणि कळ बंद पडते. नव्या खटक्याला प्लॅस्टिकचे दोन जादा पाय असतील आणि खालच्या सर्किटच्या पट्टीवर त्यांना भोकं नसतील, तर ते पाय नेलकटरने कापले तरी चालतात.

नेहमीचा बिघाड म्हणजे एकदा दाबलं की अक्षर दोनदा उमटणं. पत्र्या एकमेकींना टेकताना काही मिलिसेकंद थरथरतात. आतली चिप साधारण ५ मिलिसेकंद थांबून तेवढी थरथर सोडून देते. पत्र्यांवर धूळ किंवा गंज चढला की थरथर लांबते आणि कळ दुसऱ्यांदा दाबली असं चिपला वाटतं. नागपुरात हे उन्हाळ्यात जास्त होतं, त्याला कारण आहे. वाळ्याच्या कूलरची ओलसर हवा आणि मे महिन्याची धूळ दोन्ही एकाच खिडकीतून टेबलावर येतात. कीबोर्ड कूलरच्या झोतात ठेवू नये. बिघाड झालाच तर तार काढा, कळीची टोपी उपसा, ९९ टक्क्यांच्या आयसोप्रोपिल अल्कोहोलचे दोन थेंब खटक्यात सोडा आणि तो तीस-चाळीस वेळा दाबून-सोडून हलवा. तासभर वाळू द्या, मगच तार जोडा. दोनदा करूनही फरक पडला नाही तर पत्र्या गेल्या, खटका बदला.

माऊसलाही हाच रोग होतो, कारण त्याच्या बटणाखालीही खटकाच असतो. यावरून ‘क्लिक’चं आठवलं. ‘क्लिक करा’ऐवजी ‘टिचकी मारा’ लिहिण्याची एक टूम संगणकी मराठीत निघाली होती आणि अजून पुरती गेलेली नाही. हेतू चांगला, शब्द साफ चुकला. टिचकी म्हणजे अंगठ्याला अडवलेलं बोट सोडून मारलेला फटका. कॅरमच्या सोंगटीला टिचकी मारतात. माऊसला टिचकी मारली तर माऊस टेबलावरून खाली जाईल. इंग्रजी ‘क्लिक’ हाही नुसता आवाजच आहे, आपल्या खट्‌सारखा. मराठीच हवं असेल तर ‘दाबा’ म्हणावं, नाही तर खुशाल ‘क्लिक करा’ म्हणावं.

विदर्भापुरतं खटक्याच्या बाजूने आणखी एक आहे. वऱ्हाडी तोंडात ण चा न होतो आणि ळ चा य: पानी, डोया, काया. "बटन दाबून राह्यलो ना, चालू काऊन नाही होऊन राह्यलं?" हे वाक्य इथलंच आहे आणि त्यात काही चूक नाही. पण त्या तोंडात बटणाचं बटन होतं आणि कळीची कय. खटक्यात ण नाही, ळ नाही. गोंदियापासून सावंतवाडीपर्यंत तो जसाच्या तसा राहतो. लिहायलाही सोपा: इनस्क्रिप्ट कळफलकावर शिफ्ट धरून क ची कळ दाबली की ख, एंटरच्या डावीकडच्या अवतरणचिन्हाच्या कळीवर ट, मग क, आणि काना इंग्रजी E च्या कळीवर.

सगळीकडे मात्र खटका चालणार नाही. इंग्रजी ‘स्विच’ मुळात बारीक फोक किंवा चाबूक. मग तो रेल्वेच्या रुळांत गेला, जिथे गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर घेतात, आणि तिथून विजेत आला. ऑफिसात इंटरनेटच्या तारा जिथे येऊन मिळतात त्या डबीलाही स्विच म्हणतात, पण ती रेल्वेच्या अर्थाने: कुठली माहिती कुठल्या तारेवर सोडायची ते ती ठरवते. तिच्यात खट् होत नाही. तिला खटका म्हणू नये. मराठी नाव द्यायचंच तर रेल्वेवाल्यांचा ‘सांधा’ आहे.

बटन की बटण? लिहिताना बटण.