कॅम्परव्हॅनचा इसार दिला, पण आरसीवर नोंद तेरा आसनी ओम्निबसची

प्रश्न : मी आणि माझे पती दोघेही निवृत्त आहोत. निवांत प्रवास करता यावा म्हणून एका खासगी मालकाची नऊ वर्षे वापरलेली कॅम्परव्हॅन घेण्याचे आम्ही ठरवले आणि किमतीचा चौथा हिस्सा बँकेमार्फत इसार म्हणून दिला. ‘खरेदीदाराने माघार घेतल्यास इसार जप्त होईल’ असे इसारपावतीत लिहिलेले आहे. जाहिरातीत आणि व्हॉट्सअॅपवर विक्रेत्यांनी ‘आरटीओ पासिंग झालेली कॅम्पर’ असे स्पष्ट म्हटले होते. आता आरसी पाहिल्यावर कळते की गाडीची नोंद चालकासह तेरा आसनांची खासगी ओम्निबस अशी आहे. प्रत्यक्षात आत चार आसने, दोन पलंग, ओटा, गॅसची शेगडी आणि मूळ छत कापून बसवलेले उचलते छत आहे. आरसीवर फायनान्स कंपनीचा बोजाही तसाच आहे. विक्रेते म्हणतात, ‘उरलेले पैसे द्या, गाडी घेऊन जा, टीटीओच्या (मालकी हस्तांतराच्या) कोऱ्या फॉर्मवर मी सह्या करून देतो, बाकीचे एजंट बघेल.’ आम्ही प्रवासाला जाणार नसू तेव्हा गाडी भाड्याने देऊन खर्च भरून काढण्याचा आमचा विचार होता. आम्ही काय करावे?

उत्तर : महोदया, उरलेली रक्कम आत्ता देऊ नये, गाडी ताब्यात घेऊ नये आणि कोऱ्या फॉर्मवरील सह्यांचा प्रस्ताव लेखी नाकारावा, हा माझा पहिला आणि सर्वांत महत्त्वाचा सल्ला आहे. इसारापोटी दिलेली रक्कम अडकल्याची काळजी आपल्या पत्रातून जाणवते आणि ती रास्त आहे. परंतु आज आपली बाजू पुष्कळ भक्कम आहे, आणि गाडी दारात येऊन उभी राहिली की ती तेवढी भक्कम राहणार नाही. याचे कारण पुढे सांगतो. मूळ कागदपत्रे मी पाहिलेली नसल्याने हे उत्तर आपण कळवलेल्या हकिकतीवर आधारलेले आहे.

प्रथम आरसी आणि गाडी यांच्यातील तफावतीविषयी. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार, उत्पादकाने मुळात नमूद केलेल्या तपशिलाशी नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील जुळणार नाही असा फेरफार वाहनात करण्यास मालकाला मनाई आहे, आणि सर्वोच्च न्यायालयाने ९ जानेवारी २०१९ च्या निकालात ही मनाई काटेकोरपणे पाळली गेली पाहिजे असे स्पष्ट केले आहे. फेरफार म्हणजे काय, हेही त्याच कलमाच्या स्पष्टीकरणात आहे : वाहनाच्या रचनेतील असा बदल, ज्यामुळे त्याचे मूलभूत स्वरूप बदलते. म्हणूनच आपल्या गाडीतील प्रत्येक वस्तू आक्षेपार्ह ठरत नाही. पडदे, सुटा पलंग, बाहेर लावायचे छप्पर किंवा उचलून नेता येणारी पेटी यांना माझ्या मते कोणी रचनेतील बदल म्हणणार नाही. मात्र मूळ छत कापणे, नऊ आसने कायमची काढून टाकणे आणि गॅसची जोडणी गाडीच्या सांगाड्याला पक्की करणे या गोष्टी त्या व्याख्येच्या बाहेर ठेवणे अतिशय अवघड आहे. छत कापल्याने गाडीच्या मजबुतीवर परिणाम होतो आणि आसनक्षमता ही तर आरसीवर छापलेली बाब आहे. अनधिकृत फेरफाराबद्दल कलम १८२-अ(४) नुसार मालकाला सहा महिन्यांपर्यंत कारावास, किंवा प्रत्येक फेरफारामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. हा फेरफार आपण केला नाही हे खरे असले, तरी गाडी नावावर झाल्यानंतर रस्त्यावर अडवले जाल ते आपण, आणि खुलासाही आपल्यालाच करावा लागेल.

हा दोष नंतर सावकाश दुरुस्त करून घेता येईल, असे विक्रेते किंवा एजंट सांगतील. नोंदणीच्या वर्गवारीत बिगर-परिवहन वाहनांमध्ये खासगी वापराची कॅम्पर व्हॅन हा वेगळा वर्ग आहे आणि मोटर कॅरव्हॅनच्या मान्यतेसाठी एआयएस-१२४ हे स्वतंत्र मानकही आहे, म्हणजे कायद्याला कॅम्पर नको आहे असे मुळीच नाही. परंतु ते मानक प्रामुख्याने उत्पादक आणि बॉडी बांधणारे यांनी आपला नमुना अधिकृत चाचणी संस्थेकडून मंजूर करून घेण्यासाठी आहे. एखाद्या गॅरेजमध्ये कापून-जोडून तयार केलेली एकटी जुनी गाडी त्या चौकटीत बसवणे फार कठीण असते, आणि नोंदणी प्राधिकाऱ्याने नकार दिला तर मूळ छत व मूळ आसने परत बसवण्याखेरीज मार्ग उरत नाही. हा धोका ज्यांनी निर्माण केला त्यांनीच, म्हणजे विक्रेत्यांनी, स्वतःच्या खर्चाने आणि गाडी स्वतःच्या नावावर असतानाच पत्करावा, हे न्याय्य आहे.

विम्याचा प्रश्न याच तफावतीला जोडलेला आहे. पॉलिसी आरसीवरील वर्णनावरून दिली जाते. न कळवलेला फेरफार आणि आत बसवलेली गॅसची जोडणी यांमुळे आग किंवा अपघात झाल्यास गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा दावा नाकारण्यास कंपनीला सबळ कारण मिळते, आणि ओटा, पलंग, बॅटऱ्या यांचे मूल्य वेगळे जाहीर केलेले नसेल तर त्यांची भरपाई मिळण्याची शक्यता कमीच असते. शिवाय गाडी विकली गेल्यावर कलम १५७ नुसार विमा नव्या मालकाकडे आपोआप जातो तो त्रयस्थ व्यक्तीच्या नुकसानीपुरता. गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचे संरक्षण हवे असेल, तर विमा कंपनीशी स्वतंत्रपणे बोलून ते आपल्या नावावर करून घ्यावे लागते. विक्रेत्यांच्या नावाची पॉलिसी काचेवर लावून आपण प्रवासाला निघालात, तर नेमक्या ज्या नुकसानीची आपल्याला भीती वाटेल त्यालाच संरक्षण नसेल.

आता बोजा आणि कोरे फॉर्म. आरसीवर फायनान्स कंपनीची नोंद असेपर्यंत कलम ५१ नुसार त्या कंपनीच्या लेखी संमतीवाचून मालकी हस्तांतराची नोंद होत नाही. कर्ज फिटले असेल तर कंपनीकडून ना-हरकत पत्र आणि फॉर्म ३५ घेऊन बोजा उतरवणे हे विक्रेत्यांचेच काम आहे. कर्ज खरोखर फिटलेले असेल तर त्यात मोठी अडचण येत नाही, आणि म्हणूनच ते अजून झालेले नाही याकडे आपण लक्ष द्यावे. हस्तांतरासाठी फॉर्म २९ आणि फॉर्म ३० भरायचे असतात. एकाच राज्यातील व्यवहारात विक्रेत्याने १४ दिवसांत, आणि खरेदीदाराने ३० दिवसांत नोंदणी प्राधिकाऱ्याला कळवायचे, असे कलम ५० सांगते. कोऱ्या सह्यांची पद्धत दोघांनाही घातक आहे. नोंदीत ज्याचे नाव आहे तोच कायद्याच्या दृष्टीने मालक आणि अपघाताची भरपाई देण्यास जबाबदार, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये म्हटले आहे. विक्रेत्यांना हे समजावून सांगितले तर कदाचित ते स्वतःच घाई सोडतील.

इसाराकडे येतो, कारण आपली खरी चिंता तीच आहे. ‘माघार घेतल्यास इसार जप्त’ हे वाक्य पाहून आपण हताश होण्याचे कारण नाही. हे वाक्य लागू पडते ते खरेदीदाराने विनाकारण करार मोडल्यास. येथे आपण माघार घेत नसून, ज्या वर्णनाची गाडी विकण्याचे कबूल केले ती गाडी विक्रेते देऊ शकत नाहीत, अशी परिस्थिती आहे. मालविक्री अधिनियम, १९३० च्या कलम १५ नुसार वर्णनावरून माल विकला असेल तर तो वर्णनाशी जुळला पाहिजे ही गर्भित शर्त असते आणि ती व्यापाऱ्याप्रमाणेच खासगी विक्रेत्यालाही बांधते. ‘आरटीओ पासिंग झालेली कॅम्पर’ हे वर्णन होते; आरसीवर कॅम्परची नोंदच नाही. शर्तीचा भंग झाला की माल नाकारता येतो आणि दिलेले पैसे परत मागता येतात. परंतु त्याच अधिनियमाचे कलम १३ सांगते की, खरेदीदाराने माल एकदा स्वीकारला की एरवी त्याला माल नाकारता येत नाही, केवळ नुकसानभरपाई मागता येते. गाडी ताब्यात घेऊ नका असे मी आरंभीच ठामपणे लिहिले ते यासाठी.

विक्रेत्यांचे वकील एक आक्षेप नक्की घेतील, तो आत्ताच ओळखून ठेवावा. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम १९ नुसार कपटाने किंवा चुकीच्या निवेदनाने मिळवलेली संमती असेल, तर फसवल्या गेलेल्या पक्षाला करार रद्द करता येतो. पण त्याच कलमाला अपवाद आहे की, सामान्य दक्षता घेऊन खरी गोष्ट शोधता आली असती तर चुकीच्या निवेदनाचा किंवा नुसत्या मौनाचा आधार घेता येत नाही. ‘आरसी आधी मागायची होती’ असे ते म्हणतील. माझ्या मते हा आक्षेप आपल्या प्रकरणात टिकू नये, कारण येथे मौन नाही. खोटे आहे हे ठाऊक असताना केलेले लेखी विधान आहे, आणि असे उघड कपट असेल तेथे हा अपवाद विक्रेत्याच्या मदतीला येत नाही. मात्र त्यासाठी ते विधान सिद्ध करता आले पाहिजे. जाहिरात आणि व्हॉट्सअॅपवरील संपूर्ण संभाषण आजच जतन करून ठेवावे, मूळ फोन बदलू किंवा पुसू नये. भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ नुसार अशा इलेक्ट्रॉनिक नोंदींसोबत विहित प्रमाणपत्र जोडावे लागते आणि मूळ साधन हाताशी असले की ते देणे सोपे जाते.

न्यायालयाने उद्या असे मानले की करार आपणच मोडला, तरीही संपूर्ण इसार बुडेलच असे नाही. करार अधिनियमाच्या कलम ७४ खाली मिळते ती वाजवी भरपाई. सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये कैलाशनाथ असोसिएट्स विरुद्ध दिल्ली विकास प्राधिकरण या प्रकरणात इसारजप्तीलाही हे तत्त्व लावले आणि काहीच नुकसान झाले नसेल तर जप्ती टिकत नाही असे ठरवले. किमतीचा चौथा हिस्सा ही इसार म्हणून मोठी रक्कम आहे, हा मुद्दाही आपल्या बाजूचा आहे.

ग्राहक आयोगाचा मार्ग सर्वसाधारणपणे अशा व्यवहाराला खुला नसतो, कारण स्वतःची एकच जुनी गाडी विकणारी व्यक्ती व्यापारी ठरत नाही. तथापि, हे गृहस्थ गाड्या घेऊन, त्यांचे कॅम्परमध्ये रूपांतर करून विकण्याचा व्यवसाय करत असल्याचे दिसले, तर चित्र बदलते. त्यांच्या नावावर अशा इतर गाड्यांच्या जाहिराती आहेत का, हे अवश्य पाहावे. तसे असेल तर ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ खाली आपण राहता त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. पन्नास लाख रुपयांपर्यंतच्या मोबदल्याची प्रकरणे जिल्हा आयोग ऐकतो.

भाड्याने देण्याचा विचार मात्र सोडून द्यावा, असे मी आग्रहाने सांगेन. खासगी वापरासाठी नोंदलेली गाडी मोबदला घेऊन इतरांना देणे हा परवान्याविना परिवहन व्यवसाय ठरतो. कलम १९२-अ खाली पहिल्याच गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कारावास आणि दहा हजार रुपये दंड आहे, आणि खासगी पॉलिसीत भाड्याचा वापर वगळलेलाच असतो. रेंट-अ-कॅब योजना, १९८९ खाली भाडेकरूने स्वतः चालवण्यासाठी गाड्या भाड्याने देण्याचा परवाना हवा असेल तर किमान पन्नास गाड्यांचा ताफा लागतो, त्यामुळे एका गाडीच्या मालकाला तो मार्ग बंद आहे. खरेदीचे गणित या उत्पन्नावर बेतलेले असेल तर ते पुन्हा मांडावे. उलट, खरेदीपूर्वी परवानाधारक व्यावसायिकाकडून कॅम्पर काही दिवस भाड्याने घेऊन पाहणे शहाणपणाचे ठरेल. भाड्याने दिलेल्या वस्तूतील दोषामुळे भाडेकरूला झालेल्या हानीला, तो दोष देणाऱ्याला ठाऊक नसला तरीही, करार अधिनियमाच्या कलम १५० नुसार देणाराच जबाबदार असतो, एवढे संरक्षण त्यात आहे.

आता प्रत्यक्ष कृती. आपल्याला ही गाडी अजूनही हवी असेल तर विक्रेत्यांशी लेखी पुरवणी करार करावा : बोजा उतरवून आणि आरसीवर प्रत्यक्ष स्थितीनुसार कॅम्पर म्हणून नोंद करून देण्याची जबाबदारी व खर्च त्यांचा, त्यासाठी निश्चित मुदत, उरलेली रक्कम हस्तांतराचा अर्ज दाखल होईल त्याच दिवशी, आणि मुदतीत काम न झाल्यास इसार परत. गाडी नकोच असेल, किंवा त्यांनी अशा कराराला नकार दिला, तर वकिलामार्फत नोटीस पाठवून, वर्णनाशी न जुळणारी गाडी आपण नाकारत आहोत, कपटामुळे करार रद्द करत आहोत आणि इसार व्याजासह पंधरा दिवसांत परत हवा, असे कळवावे. नोटीस स्पीड पोस्टने आणि ई-मेलनेही पाठवावी. मूळ करारातील उरलेली रक्कम देण्याची तारीख उलटण्यापूर्वी ती पोहोचणे आवश्यक आहे, कारण तारीख निघून गेल्यावर नोटीस दिली तर ‘आधी पैसे चुकवले, मग कारण शोधले’ असे म्हणायला जागा मिळते. पोलिसांकडे फसवणुकीची तक्रार करण्याचा सल्ला कोणी देईल. सध्या तरी तो मार्ग मी सुचवणार नाही, कारण करारभंगाच्या वसुलीसाठी फौजदारी कायद्याचा वापर न्यायालयांना मान्य नाही आणि तडजोडीची शक्यताही त्याने मावळते.

नोटिशीचा उपयोग झाला नाही, तर दावा लावण्याआधी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे दावापूर्व अर्ज करावा. तेथे लोकअदालतीत तडजोड झाली तर तिला दिवाणी हुकूमनाम्याचे बळ मिळते, आणि विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ नुसार महिला म्हणून आपल्याला उत्पन्नाची अट न लागता मोफत वकील मिळू शकतो, त्यामुळे इसारपावतीवर आपली सही असेल तर हा अर्ज आपणच करावा. तडजोड झाली नाही तर दिवाणी दाव्याला तीन वर्षांची मुदत आहे आणि कपटाच्या प्रकरणात ती कपट उघडकीस आल्यापासून मोजली जाते. आरसीची प्रत आपल्याला ज्या संदेशासोबत किंवा पाकिटातून मिळाली, तो तारखेसह जपून ठेवावा.